वीस पांढरे खडे

शाळा नववीत सुटली, त्यामुळे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील आणि शब्दही साधेच असतील. वाचणाऱ्यांनी ते सांभाळून घ्यावे. गोष्ट मात्र दोनदा तपासून लिहिली आहे.

एकदा एका शहराच्या जुन्या पेठेत, बुकबाइंडरच्या दुकानावरच्या खोलीत, एक वृद्ध गृहस्थ बसत असत. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून काढणे हा त्यांचा व्यवसाय होता. संगणकावर चालणारी एखादी नवी प्रणाली लोकांच्या हाती जाण्याआधी त्यांच्याकडे येई. शहाणा माणूस जिथे बोट ठेवणार नाही तिथे ते मुद्दाम बोट ठेवून पाहत. एकच गोष्ट घाईने, उशिराने, उलट्या क्रमाने करून बघत. आणि सगळे मनासारखे झाले की कागदावर दोन शब्द लिहून सही करत : 'तपासले. योग्य.' पेठेतले लोक त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांची सही असली की रात्री झोप लागते, असे म्हणण्याची तिथे पद्धत होती.

त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. वय बावीस, स्वभाव बुजरा, शाळा अर्ध्यावर सुटलेली. यंत्रातली चूक शोधताना तो वाघ होता. पण समोर बसलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची वेळ आली की तो समोरच्याला हवे तेच बोलून मोकळा होत असे.

एके दिवशी एक व्यापारी त्या खोलीचा जिना चढून आला. दवाखान्यांना लागणाऱ्या वस्तू पुरवण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयात नवी रक्तपेढी सुरू होणार होती, आणि तिच्यासाठी त्याने एक प्रणाली लिहवून घेतली होती. कोणत्या रुग्णाला कोणती पिशवी चालेल, कोणती चालणार नाही, कोणती बाद झाली, हे ती सांगणार होती. लिहिणाऱ्या हेमांगीताई त्याच्याच पेढीवर नोकरीला होत्या; तपासणी चालेल तितके दिवस त्या मास्तरांच्या खोलीत येऊन बसणार होत्या.

व्यापाऱ्याने विचारले, तपासायला किती दिवस लागतील?

मास्तर म्हणाले, "याला विचारा. हे काम हा करणार आहे."

असे काम शिष्याच्या एकट्याच्या अंगावर प्रथमच येत होते. त्याने मनाशी पंधराचा अंदाज केला होता. 'पंधरा' हा शब्द अर्धा बाहेर पडला आणि व्यापाऱ्याच्या भुवया वर गेल्या.

"पंधरा? अरे, पंधरा दिवसांत माझा नातू चालायला शिकला."

शिष्य म्हणाला, "आठ."

व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. त्याने शिष्याच्या पाठीवर थाप मारली आणि मास्तरांकडे वळून म्हणाला, "हे पोरगं व्यवहारी आहे, मास्तर. तुमच्यावर सोडलं असतं तर तुम्ही अख्खा श्रावण काढला असता. वय झालं की माणूस नुसता चष्मा पुसत बसतो."

मास्तर त्या वेळी खरोखरच चष्मा पुसत होते. त्यांनी तो पुसून पूर्ण केला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "बरं. आठ."

व्यापारी गेल्यावर शिष्याने कागद घेतला. तपासायच्या गोष्टी त्याने मोजल्या, त्या एकशेवीस भरल्या. रोज पंधरा तपासल्या तर बरोबर आठ दिवस. त्याला हायसे वाटले. उत्तर आधी आले होते आणि गणित मागाहून, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. पहिल्या चार दिवसांत त्याला चाळीस चुका सापडल्या. रुग्णाचे नाव लांबलचक असले तर पिशवीवर चिकटवायच्या चिठ्ठीत जागा संपे आणि 'ओ निगेटिव्ह'मधले 'निगेटिव्ह' कापले जाऊन नुसते 'ओ' उरे. एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच दिवशी आले तर दुसऱ्याची माहिती पहिल्याच्या पानावर जाऊन बसे. मुदत संपलेली पिशवी 'चालेल' म्हणून हिरव्या रंगात दिसे. एकेक चूक तो वहीत लिही आणि हेमांगीताईंना नेऊन दाखवी. त्या मान डोलवून ती दुरुस्त करत. दुरुस्त झाली असे त्यांनी सांगितले की तो वहीत बरोबरची खूण करून पुढे जाई. दुरुस्ती खरोखर झाली का, आणि ती करताना शेजारचे काही बिघडले का, हे पुन्हा पाहायला हवे, असे त्याला आतून वाटे. पण त्याच्या आठ दिवसांत त्याला जागाच नव्हती.

पुढचे चार दिवस वाईट गेले. चुका कमी सापडू लागल्या, चारांत मिळून सोळाच. तो स्वतःला समजावी की चुका संपत आल्या असाव्यात. पण जेवताना त्याचा घास तोंडाशी थांबे आणि डबा अर्धा तसाच परत घरी जाई. सोमवारी रक्तपेढीचे उद्घाटन होते. पत्रिका छापून झाल्या होत्या. आठव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, चार वाजता व्यापारी सहीचा कागद न्यायला स्वतः येणार होता. मास्तरांनी सांगितले होते की या कागदावर आधी शिष्याची सही होईल, मग त्यांची.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता शिष्य शेवटचे पान भरायला बसला. सापडलेल्या प्रत्येक चुकीपुढे, ती प्रणालीत केव्हा शिरली, ते लिहायचे होते. त्यासाठी त्याने बदलांची नोंद उघडली. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, काय बदलले, याची ही नोंद यंत्र आपली आपणच ठेवत असते.

लांब नावाची चूक हेमांगीताईंच्या हातची होती. सारख्या नावांची चूकही त्यांचीच. मुदत संपलेल्या पिशवीची चूक मात्र त्यांची नव्हती. ती, तपासणी सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी, सकाळी सात वाजता, खोलीत कुणी आलेले नसताना घातली गेली होती. नाव मास्तरांचे होते.

त्याने डोळे मिटून पुन्हा उघडले. नाव तेच होते.

मग तो एकेक करून छप्पन्नही चुका पाहत गेला. बेचाळीस हेमांगीताईंच्या निघाल्या. चौदा मास्तरांच्या. सगळ्या त्याच सकाळच्या.

तपासणाऱ्याने लिहिण्याला हात लावायचा नाही, हा मास्तरांचा पहिला नियम. तो त्याने त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकला होता. त्याच माणसाने रक्ताच्या प्रणालीत स्वतःच्या हाताने चुका पेरल्या होत्या. आणि मग त्याला तो चष्मा आठवला; सावकाश, पूर्ण पुसून डोळ्यांवर चढवलेला. अपमान गिळलेला माणूस असाच गप्प बसतो. मास्तरांना व्यापाऱ्याची फजिती करायची होती का? की त्याची? आठ दिवस म्हणणारा तोच होता ना.

चौदा त्याला सापडल्या होत्या. न सापडलेल्या किती होत्या? नोंदीचे पुढचे पान उघडले असते तर ते लगेच दिसले असते. त्याचे बोट बटणावर गेले आणि तिथेच राहिले. उघडून पाहिले की ते खरे ठरणार होते. त्याने नोंद बंद केली.

तो हेमांगीताईंकडे गेला आणि मुदतीच्या चुकीबद्दल हळूच विचारू लागला. त्यांनी मान वर केली नाही. "वहीत लिहिलीस ना? मग झालं," एवढेच म्हणाल्या. यांनाही माहीत आहे, हे त्याला कळले, आणि खोली आणखी लहान झाली.

चार वाजायला दहा मिनिटे असताना व्यापारी आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. मास्तर आपल्या खुर्चीवर, हेमांगीताई कोपऱ्यात, आणि मधल्या टेबलावर कागद. 'तपासले. योग्य.' हे शब्द छापलेलेच होते. व्यापाऱ्याने स्वतःच्या खिशातले पेन काढून शिष्यापुढे धरले.

शिष्याने पेन घेतले. ते त्याला जड लागले. मास्तरांचे नाव घेतले तर ज्यांनी त्याला हात धरून शिकवले त्यांची अब्रू या खोलीत संपणार होती. सही केली तर सोमवारी कुणीतरी खाटेवर पडून हात पुढे करणार होते, आणि न सापडलेल्या एखाद्या चुकीपायी भलतीच पिशवी हिरवी दिसणार होती. त्याने पेन कागदावर आडवे ठेवले.

"मला सही करता येणार नाही."

"का?"

शिष्याने जमिनीकडे पाहिले.

"का, ते तरी बोल. आठ दिवस तूच म्हणालास. मी काही तुझा गळा धरला नव्हता."

ते खरे होते. व्यापाऱ्याने मास्तरांकडे पाहिले. मास्तर म्हणाले, "त्याची सही नाही तर माझीही नाही." व्यापाऱ्याचा चेहरा काळवंडला. पेढ्यांचा पुडा त्याने टेबलावरून परत उचलला. उद्या सकाळी नऊपर्यंत कागद किंवा कारण, दोहोंपैकी एक आपल्या पेढीवर पोचले पाहिजे, असे तो म्हणाला. नाही पोचले तर सही करणारे शहरात आणखी पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही न बघताही करतात. जिन्यावर त्याची पावले बराच वेळ ऐकू येत राहिली.

मग शिष्य मास्तरांसमोर उभा राहिला.

"गुरुजी, पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता तुम्ही प्रणालीत चुका घातल्यात."

"घातल्या," मास्तर म्हणाले. "किती सापडल्या तुला?"

"चौदा."

"उरलेल्या चुका नोंदीत पाहिल्यास?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

मास्तर पहिल्यांदाच हसले. "बरं झालं. पाहिल्या असत्यास तर माझी आठ दिवसांची मेहनत पाण्यात गेली असती. बस."

शिष्य बसला नाही. मास्तरांनी त्याला फार आग्रह केला नाही.

"माझे वडील आचारी होते," ते म्हणाले. "गावजेवणाला पाचशे-सातशे पान. आदल्या दिवशी तांदूळ निवडायला गल्लीतल्या बायका बसायच्या. निवडून झालं, असं त्या म्हणायच्या. पण झालं म्हणजे किती झालं, हे कसं कळणार? न दिसलेला खडा कुणाला मोजता येतो? म्हणून पोतं सोडताना वडील गारगोटीचे वीस पांढरे खडे मोजून त्यात मिसळायचे. तांदळात सहज दिसू नयेत असे. निवडून झालं की खड्यांची ताटली मागायचे. धान्यातले खडे काळे, त्यांचे पांढरे. वीसच्या वीस पांढरे ताटलीत आले तर चूल पेटायची. बायका चिडायच्या. म्हणायच्या, आचारी, तुमचा आमच्यावर विश्वास नाही. वडील म्हणायचे, विश्वास आहे हो, पण दात कुणाचा पडेल?"

कोपऱ्यातून हेमांगीताई म्हणाल्या, "तुझ्यासाठी वेगळी प्रत काढली होती रे. खडे तिच्यातच आहेत. रुग्णालयात जायची प्रत माझ्याकडे कुलपात आहे. तुला सापडलेल्या माझ्या चुका मी तिच्यात रोज दुरुस्त करत आले. मास्तरांनी मला तोंड उघडू दिलं नाही, म्हणून गप्प होते."

शिष्य तेव्हा कुठे बसला.

मास्तरांनी खणातून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर वीस ओळी होत्या आणि खाली हेमांगीताईंची सही. कागद त्यांनी उघडला नाही, नुसता टेबलावर ठेवला. "वीस मी घातल्या, चौदा तुला मिळाल्या," ते म्हणाले. "ताईंच्या बेचाळीस मिळाल्या. आता तू सांग, ताईंच्या एकूण किती असाव्यात?"

शिष्याने वही ओढली. शाळेतले त्रैराशिक त्याला अर्धवट आठवत होते. त्याने ते बोटांवर लावले. विसात चौदा, म्हणजे दहात सात. तेच डोळे, तेच हात, तेच आठ दिवस. मग ताईंच्याही दहांतल्या सातच दिसल्या असणार. सात सक बेचाळीस. दहा सक साठ.

"साठ," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याच्या तोंडून बाहेर पडले, "अठरा उरल्या."

खाली बुकबाइंडरच्या यंत्राचा ठोका पडत होता. शिष्याला ते आडवे ठेवलेले पेन पुन्हा दिसले. व्यापारी विसरून गेल्यामुळे ते अजून टेबलावरच होते.

"अठरा म्हणजे नेमक्या अठराच नव्हेत," मास्तर म्हणाले. "सतरा असतील, पंचवीस असतील. पण शून्य नाहीत, एवढं आता आपल्याला ठाऊक आहे. काल तुझ्यापाशी काय होतं? एकशेवीस खुणा, आणि अर्धा उरलेला डबा."

शिष्याने विचारले, "मग त्या दिवशी तुम्ही 'बरं, आठ' का म्हणालात? मला थांबवायला हवं होतं."

मास्तरांनी चष्मा काढला. "थांबवलं असतं. मग पुढच्या वेळी तू शेठजींचं तोंड बघायचं सोडलं असतंस, आणि माझं बघितलं असतंस."

हे त्याला लागले. पंधरा हा त्याचा आकडा होता. आठ हा व्यापाऱ्याच्या भुवयांचा. तपासायचे दिवस त्याने मोजले होते, पण चूक सापडल्यावर ती परत येते, पुन्हा तपासावी लागते, तिच्या आजूबाजूचेही पाहावे लागते, ते दिवस त्याने कुठेच धरले नव्हते. न सापडणाऱ्या चुकांनाही जणू त्याच्या आठ दिवसांतच सापडायचे बंधन होते.

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून नवा अंदाज केला. शेवटच्या चार दिवसांत रोज चार चुका मिळाल्या होत्या. उरलेल्या तळाशी बसलेल्या, म्हणून रोज तीन धरल्या. अठरांना सहा दिवस. सगळ्या दुरुस्त्या पहिल्यापासून पुन्हा तपासायला तीन. शिष्याने 'नऊ' लिहून खाली रेघ ओढली. मास्तरांनी रेघेखाली आणखी एक लिहिला.

"हा कशाचा?"

"ते मला आज माहीत असतं तर वरच लिहिलं असतं," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य साडेआठ वाजता व्यापाऱ्याच्या पेढीवर पोचला. दार नुकतेच उघडले होते. गादीजवळ उद्घाटनाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. शिष्याने आधी व्यापाऱ्याचे पेन परत केले, मग कागद पुढे ठेवला आणि घरून पाठ करून आणलेले वाक्य म्हटले.

"शेठजी, आठ दिवस मी तुम्हाला मोजून सांगितले नव्हते. तुमचं तोंड बघून सांगितले होते. चूक माझी आहे. आता मोजलेत. आणखी दहा लागतील."

व्यापारी बोलायला तोंड उघडणार तोच शिष्याने खड्यांची सगळी गोष्ट सांगून टाकली. वीस, चौदा, बेचाळीस, साठ. सांगताना त्याने वर पाहिले नाही. कागदाकडे पाहिले.

व्यापाऱ्याने कागद दोनदा वाचला. "त्या उरलेल्या अठरा कुठे आहेत?"

"ते माहीत असतं तर आज तुमच्या दारात आलो नसतो."

"त्यांतली एखादी माणसाच्या जिवावर येणारी असेल का?"

"मिळालेल्या बेचाळीसमधल्या तीन तशा होत्या," शिष्य म्हणाला. "ती लांब नावाची चिठ्ठी त्यांतलीच."

व्यापारी स्वतःशीच म्हणाला की त्याच्या आईचे नाव त्या चिठ्ठीत मावले नसते. त्याने पत्रिकांचा गठ्ठा उचलला, छापलेली बाजू खाली करून कपाटात ठेवला आणि रुग्णालयाला फोन लावायला घेतला. शिष्याला त्याने जा असे म्हटले नाही की थांब असेही नाही. शिष्य नमस्कार करून निघाला.

खोलीवर आल्यावर त्याने चपला दाराशी काढल्या. कालचा घडी केलेला कागद अजून टेबलावर होता. तो त्याने न उघडता मास्तरांच्या हातात दिला.

"गुरुजी, यातले न सापडलेले सहा खडे काढून टाका आणि नवे वीस घाला. मी खाली जाऊन चहा घेऊन येतो."

खाली त्याने मुद्दाम दोन कप चहा घेतला. वर आला तेव्हा मास्तर आपल्या खुर्चीवर चष्मा पुसत बसले होते. त्याने वहीचे नवे पान उघडले, वर तारीख घातली आणि एकशेवीसांतल्या पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.